किलर मॉथला माणसांत आणायचंय: अ‍ॅक्शन फिगर कस्टमाइझ करण्यासाठी मदत हवी

निशाचर

नमस्कार मंडळी,

बॅटमॅनच्या खलनायकांमध्ये सगळ्यात टुकार कोण, यावर वाद सुरू झाला की किलर मॉथचं नाव निघतंच. मला मात्र त्याची दया येते, कारण मुळात कल्पना चांगली होती. १९५१मध्ये तो आला तो उलटा बॅटमॅन म्हणून. चारचौघांत श्रीमंत गृहस्थ, आत गुप्त अड्डा, स्वतःची खास गाडी, आणि हाक मारली की धावून जाणार ते चोरांच्या मदतीला! एवढं सगळं जमवून आणल्यावर त्याला कपडे काय दिले, तर जांभळे-हिरवे पट्टे आणि वर केशरी केप. पुढे १९६७मध्ये बॅटगर्लच्या पहिल्याच कथेत हा ब्रूस वेनला पळवायला निघाला आणि त्या नवख्या मुलीपुढे त्याचं काही चाललं नाही. तेव्हा गेलेली इज्जत अजून परत आलेली नाही.

माझ्याकडे त्याची सहा इंची फिगर आहे. सांधे छान आहेत, अंगकाठी छान आहे, बाकी सगळा आनंद. पट्टे नुसते रंगवलेले नाहीत, अंगावर आडवे कोरलेले आहेत. केप मऊ प्लास्टिकची, एकसंध आणि जाड, त्यामुळे हात मागे जातच नाहीत. आणि डोक्यावरच्या मिशा म्हणजे अक्षरशः दोन उदबत्त्या खोचल्यात.

मला त्याला खऱ्या पतंगासारखा करायचाय. रात्री दिव्यावर येणारा मोठा पतंग जवळून बघितलाय का कधी? मानेभोवती दाट लव, पिसासारख्या मिशा, पंखांवर भुकटी, आणि तो निर्विकार काळा डोळा. हे सगळं नावातच आयतं असताना सर्कशीतला विदूषक का केला, हे मला कळत नाही. डोक्यात चित्र असं आहे: सगळं अंग राखाडी-तपकिरी, झाडाच्या सालीसारखं. पट्टे गायब. गळ्याभोवती लव. केप काढून तिथे पंख.

आता अडचणी. केपच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्प्रेचा राखाडी रंग मारून बघितला. बरेच दिवस झाले, अजून बोट लावलं की चिकटतं. उन्हात ठेवूनही फरक नाही. हा रंग वाळेल का? दुसरं, कोरलेले पट्टे पुट्टीने बुजवले तर पोटाचा सांधा अडकेल अशी भीती वाटते. घासून काढावेत का? तिसरं, लव कशी करायची? खरी फर चिकटवून बघितली, पण या मापाला ती टेडी बेअरसारखी दिसते. आणि पंख कशाचे करावेत की फिगर मागे कलंडणार नाही?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. 'नवीन फिगर घे' हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो सोडून.

ठिगळ

तो रंग वाळणार नाही, वाट बघू नका. केप मऊ आहे म्हणजे पीव्हीसी. ते लवचिक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. तो हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो आणि स्प्रे किंवा इनॅमलच्या थराला आतून मऊ करतो. ऊन दाखवून उलट वाढेल.

आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसून काढा, जास्तीत जास्त तीव्रतेचं मिळेल ते. अ‍ॅसिटोन वापरायचा मोह होईल, तो आवरा. टणक भाग बहुतेक एबीएसचे असतात आणि अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस चक्क विरघळतं. मग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन पूर्ण कोरडं करा. कारखान्यातून येताना साच्याचा तेलकटपणा राहिलेला असतो, तोही जातो.

त्यानंतर फक्त पाण्यातले अ‍ॅक्रिलिक, ब्रशने. पातळ करून तीन-चार हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. पहिला हात दिल्यावर भयंकर दिसेल, डागडाग दिसतील, तरी दाट करू नका. वरचं वॉर्निशसुद्धा पाण्यातलंच, ब्रशने लावायचं. सगळं छान रंगवून शेवटी डब्यातलं स्प्रे वॉर्निश मारलं आणि परत चिकचिक, असं होताना पाहिलंय.

सांध्यांच्या खुंट्या वेगळ्याच प्लास्टिकच्या असतात, नायलॉन किंवा अ‍ॅसिटल. त्यावर रंग धरतच नाही, हलवला की सोलतो. त्यामुळे गुडघा-कोपरात रंग घासला जाणार हे धरूनच चाला. जिथे दोन भाग एकमेकांवर घासतात तिथे आतून बारीक पॉलिश पेपर मारून केसभर जागा करा आणि त्या पट्टीत रंग सगळ्यात पातळ ठेवा.

डोकं काढताना ओढाताण नको. गरम पाण्यात एक-दोन मिनिटं धरा किंवा हेअर ड्रायर मारा, मऊ झालं की सहज निघतं.

जुनाखोड

मूळ पोशाखच बरा होता असं म्हणणारा इथे मी एकटाच दिसतोय. सगळ्यांना सगळं राखाडी करायची घाई. तुमचा हा नवा माणूस शेल्फवर बॅटमॅनशेजारी उभा केला तर दोघांत फरक काय राहणार? दोन उदास माणसं, दोघांना पंख.

निशाचर

ठिगळ, मनापासून आभार. अल्कोहोलने खरंच निघाला, खालचं केशरी जसंच्या तसं आहे.

जुनाखोड, तुमचा मुद्दा टोचला, कारण तो बरोबर आहे. पण केशरी केप आणि हिरवे पट्टे ठेवून तो भीतीदायक कसा दिसेल ते सांगा ना.

कोष

मी फिगरवाला नाही, पतंगवाला आहे, पण इथे बोलल्याशिवाय राहवत नाही.

केशरी अजिबात काढू नकोस. फळांतला रस शोषणारे यूडोसिमा वंशाचे पतंग शोधून बघ. पुढचे पंख हुबेहूब पानासारखे, सुकलेल्या पानाच्या शिरांसकट. बसला की दिसतच नाही. मागचे पंख भडक केशरी, त्यावर काळे पट्टे किंवा ठिपके. धक्का लागला की पुढचे पंख उघडतात आणि खालून केशरी रंग एकदम डोळ्यांवर येतो. समोरचा पक्षी क्षणभर दचकतो, तेवढ्यात हा पसार. त्यातल्या यूडोसिमा सॅलमिनिया या जातीचे पुढचे पंख तर हिरवे असतात. म्हणजे हिरवा आणि केशरी हे तुझ्या टुकार खलनायकाचे रंग निसर्गात जसेच्या तसे आहेत, फक्त कुठला रंग कुठे ठेवायचा ते चित्रकाराने बघितलं नाही. आणि त्याची सोंड काही फुलपाखरासारखी नाजूक नाही. टोकाला टणक आणि काटेरी असते, फळाची साल भोसकून आत जाते. यापेक्षा जास्त खलनायक काय हवा?

पट्टेही बुजवू नकोस. पतंगाच्या पोटाला आडवे खंड असतातच. आत्ता ते कपड्याचे पट्टे वाटतात कारण एकाआड एक दोन रंग दिलेत. सगळे एकाच मातकट रंगात घे आणि फक्त खाचांमध्ये गडद रंग जाऊ दे, आपोआप पोट दिसेल. छातीवरचे मात्र झाकले जातील, कारण लव तिथेच असते.

जाता जाता: १९९५मध्ये याला खराखुरा राक्षसी किडा करून चाराक्सेस असं नाव दिलं होतं. चाराक्सेस हा फुलपाखरांचा वंश आहे. बिचाऱ्याचं नशीबच असं.

ठिगळ

कोष, हे भारी! पोटाचा प्रश्न सुटला, सांध्याला हातही लावायला नको. खाचांत पातळ गडद रंग सोडायचा आणि वरून ओल्या फडक्याने पुसायचं, बस.

लवेसाठी: दोन भाग समप्रमाणात मळायची इपॉक्सी पुट्टी घ्या. मळल्याबरोबर कोरायला जाऊ नका, तेव्हा ती च्युइंगगमसारखी ओढली जाते आणि टोकं परत बसतात. थोडी घट्ट होऊ द्या. मग छातीच्या खालच्या बाजूने सुरुवात करा: एक अरुंद पट्टी लावा, ओल्या सुईने वरून खाली ओढत केस काढा, शेवटी टोक किंचित बाहेर उचला. ती जरा धरली की तिच्या वरची पट्टी, पहिलीवर अर्धी चढलेली. असं करत गळ्यापर्यंत. केस सगळे समांतर काढलेत तर कंगवा फिरवल्यासारखं दिसेल, तेव्हा दोन-तीन केसांचे झुबके एकमेकांकडे वळवा. मान फिरायला हवी असेल तर सगळ्यात वरची पट्टी मानेला नाही, खांद्यांना चिकटलेली ठेवा. एक रात्र जाऊ द्या. घासायची वेळ आली तर ओलं करून घासा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जायला नको.

भट्टीत भाजायची पॉलिमर क्ले कुणी सुचवली तर फिगरवर वापरू नका. त्या तापमानाला फिगरच लोळेल.

वाकडीखुंटी

पंखांवर मी बोलतो. प्लास्टिक शीटचे केले तर दिसतात छान, पण उघडे म्हणजे उघडेच राहतात. कोष म्हणतात तसं मिटून-उघडायचं असेल तर कापड. दोन थर: बाहेरून मातकट-हिरवं, आतून केशरी अस्तर, मध्ये शिवणीत बारीक तार. तारेचं टोक गोल वळवून घ्या, नाहीतर पहिल्यांदा वाकवतानाच कापडातून बाहेर येतं. कापड जितकं पातळ आणि वीण जितकी बारीक तितकं बरं. या मापाला जाड वीण गोणपाट वाटते. कापण्याआधी रेषेवर पाण्यात पातळ केलेला पांढरा फेव्हिकॉलछाप गोंद फिरवा, दशा निघत नाहीत.

पंख पाठीला चिकटवू नका. पाठीत लहानसं भोक पाडा, पंखांच्या मुळाशी खुंटी द्या, म्हणजे रंगवताना आणि हात हलवताना काढून ठेवता येतात. कलंडण्याबद्दल: कापड हलकं असतं, दोष बहुतेक वेळा घोट्यांचा असतो. घोट्याच्या सांध्यात पाण्यातलं ग्लॉस वॉर्निश थेंबभर सोडा आणि वाळेपर्यंत मधूनमधून हलवत राहा, नाहीतर सांधा जाम होतो. घट्ट बसतो.

जुनाखोड

अस्तर केशरी असेल तर माझी हरकत मागे.

निशाचर

तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं राखाडी चित्र फाडून टाकलंत आणि मला जराही वाईट वाटत नाहीये. आता उभा असेल तेव्हा पंख खांद्यांवरून उतरत्या छपरासारखे मिटलेले, गळ्यापासून घोट्यापर्यंत नुसतं सुकलेलं पान. हात वर केले की केशरी-काळं. जुनी केप कापून तिचं केशरी कापडाच्या रंगाशी जुळवायला वापरतेय.

शेवटचे दोन प्रश्न. डोळे काळेच ठेवू का? आणि मिशांसाठी खऱ्या पिसाच्या कडा कातरून बघितल्या, दिसायला अप्रतिम, पण त्या कधी बसवायच्या?

कोष

काळे नको. रात्री टॉर्च मारलास तर बऱ्याच पतंगांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, आत प्रकाश परतवणारा थर असतो म्हणून. तसं काही जमतं का ते ठिगळ सांगतील. मिशा रुंद, पिसासारख्याच ठेव. पुष्कळ जातींत नराच्या तशा असतात, मादीचा वास दुरून टिपायला.

ठिगळ

जमतं. डोळ्याला आधी चंदेरी रंग, त्यावर पारदर्शक केशरी दोन हात, वर ग्लॉस वॉर्निश. बाकी सगळ्या अंगावर मॅट. आधी मॅट उरका आणि मग डोळ्याला ग्लॉस लावा, उलट केलंत तर चमक मरते. पंखांवर भुकटी हवी असेल तर कोरड्या पेस्टलचा खडू पॉलिश पेपरवर घासून ती पूड मऊ ब्रशने थोपटा. वर वॉर्निश लावलं की ती फिकी पडते, तेव्हा आधीच जरा जास्त लावा.

मिशा सगळ्यात शेवटी. वॉर्निश वाळल्यावर, डोकं धडावर बसवून झाल्यावर. कपाळावर सुईने भोकं मात्र आत्ताच, रंगाआधी पाडून ठेवा.