ब्लीडिंग करूनही ब्रेक पेडल मऊच

भांडुपकर: मागचे व्हील सिलेंडर बदलल्यापासून पेडल स्पंजासारखं लागतंय. दोन-तीनदा पंप केलं की कडक, सिग्नलला थांबलो की परत खाली. काल पेडर रोडच्या उतारावर बेस्टच्या मागे जीव कंठाशी आला. ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या पाइपातली हवा काढणं, तेही केलं: बायको पेडलवर, मी चाकापाशी, दीड तास गेला. काय चुकतंय?

लालबागचा काका: आधी गाडी उभी कर बाबा! चाकापाशी हवा सोडायचा स्क्रू, म्हणजे निपल, बंद व्हायच्या आत सूनबाई पाय उचलतात का? तिथेच हवा आत ओढली जाते. तू ‘बंद’ ओरडलास की मगच पाय वर. पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडव, बुडबुडे दिसतील.

मुलुंड पूर्व: मागच्या ड्रमचे शूज (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) ढिले असले तरी असंच होतं, ते आधी ॲडजस्ट कर. आणि गेल्या पावसाळ्यातली उघडी बाटली वापरू नकोस, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. गाडीतल्या ऑइलच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ की ४ (ऑइलचा प्रकार) ते बघ.

भांडुपकर: काका, बायकोचा पाय बरोबर होता. मीच वरच्या ऑइलच्या डबीत बघितलं नव्हतं. ऑइल तळाला, सगळी हवा तिथून! आता चारही चाकं पहिल्यापासून. शिवाय ऑइल सांडून फेंडरचा रंग उडालाय, ते वेगळंच.