आजारी कोंबडीची सेवा केलीये का? तुमचे अनुभव इथे लिहा

कोंबडी पेंगायला लागली की आजूबाजूचे पहिलं काय म्हणतात ते इथे सगळ्यांना माहितीये. "मरायच्या आधी कापा." कुत्र्याला सलाईन लावलं तर कोणी काही बोलत नाही, पण कोंबडीसाठी औषध आणायला गेलं की मेडिकलवाला पण दोनदा विचारतो, कोणासाठी म्हणून. तर ज्यांनी ज्यांनी आपली कोंबडी जगवायचा प्रयत्न केला, ती जगली असो नाहीतर गेली असो, त्यांनी लिहा. आधी काय दिसलं, डॉक्टर मिळाले का, काय भरवलं, रात्री कुठे ठेवलं. बारीकसारीक सगळं लिहा, वेळेला तेच कामाला येतं.

सुरुवात मीच करते. आम्ही कुडाळजवळ राहतो, दारात पाच-सहा गावठी कोंबड्या कायम असतात. त्यातल्या तांबडीला पावसाळा सरता सरता देवी आल्या. आधी तुऱ्यावर काळे फोड, मग पापण्यांवर, आणि बघता बघता दोन्ही डोळे चिकटले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली, ती मी आता सगळ्यांना सांगत असते. देवीवर औषध नाही, ती आपली आपण उतरते, पण डोळे मिटले की कोंबडीला दाणा दिसत नाही आणि बऱ्याच कोंबड्या रोगापेक्षा उपासमारीनेच जातात. म्हणजे आपलं काम काय, तर ती बरी होईपर्यंत तिच्या पोटात अन्न जाईल असं बघायचं. मी मऊ भात आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून वाटी तिच्या चोचीला लावायचे, चोचीचं टोक पाण्यात टेकवलं की ती आपणहून प्यायची. वाटीवर नखाने टकटक केलं की डोळे मिटलेले असतानाही मान उचलून आवाजाच्या दिशेने यायची. खपल्या ओढून काढू नका, रक्त येतं आणि रोग त्या खपल्यांतूनही पसरतो. कोमट मिठाच्या पाण्याचा कापूस पापणीवर थोडा वेळ ठेवायचा आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब घालायचे, बास. देवी डासांमुळे पसरते म्हणून डालग्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाकला होता आणि तिला बाकीच्यांपासून लांब पडवीत ठेवलं होतं. बरी व्हायला काही आठवडे गेले. एका डोळ्याने तिला आता कमी दिसतं पण अंडी घालते, पिल्लं पण काढली.

सातारा, पाटण भाग

ताई, आमच्याकडं मानमोडी आली होती, पुस्तकात रानीखेत म्हणत्यात ती. ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. सकाळी हिरवी पांढरी हगवण, दुपारपर्यंत पंख लोंबले, आणि सांजच्याला खुराड्यात निम्म्या कोंबड्या आडव्या. यातून जी एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, वाचली तिची मान वाकडी झाली, म्हणजे अशी की डोकं उलटं होऊन आभाळाकडं बघायची आणि दाण्यावर चोच मारायला गेली की चोच भलतीकडंच. वडील म्हणाले हिचे हाल नको करू. पण ती खायला मागत होती हो. भूक असलेल्या जीवाला कसं मारायचं?

मग मी तिला मांडीवर घेऊन टॉवेलात गुंडाळायचो, एका हातानं मान अलगद आधाराला धरायची आणि मक्याच्या पिठाच्या मटारएवढ्या ओल्या गोळ्या चोचीत ठेवायच्या. पाणी कधीच घशात ओतू नका, जिभेच्या मागंच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी फुफ्फुसात जातं आणि कोंबडी हातातच जाते. चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडायचे, ती गिळेल तसं. घाबरली की मान जास्त फिरायची, म्हणून खोक्यात अंधार करून ठेवायची. हळूहळू मान बरीचशी सरळ झाली, पूर्ण नाही. अजून कोणी अंगावर ओरडलं की वळती. पण जगली, आणि चांगली जगली.

आता महत्त्वाचं. मानमोडीवर इलाज नाही, लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा नावाची लस, डोळ्यात नाहीतर नाकात एक थेंब, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास आर टू बी या दुसऱ्या लशीचं इंजेक्शन. अडचण अशी की लशीची बाटली शंभर नाहीतर त्याहून जास्त डोसांची असती आणि एकदा कालवली की तास दोन तासात संपवावी लागती, मग चार कोंबड्यांसाठी कोण आणणार? आमच्या वाडीत आता सगळी घरं मिळून आणतात. थर्मासात बर्फ घालून दवाखान्यातनं आणायची आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की घरोघर फिरायचं. हे जमवा, भरवण्यापेक्षा हे सोपं आहे.

यवतमाळ

आमच्याकडचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे मे महिना. ४५ च्या वर पारा गेला की कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते, आणि तशीच बसून राहिली, उठेना, तर समजा ऊन लागलं. कोंबडीला घाम येत नाही. आणि हात लावून ताप बघू नका, तिचं अंग एरवीच ४१ अंशाच्या आसपास असतं, आपल्याला कायमच गरम लागतं. आमच्या कवडीला अशी उचलून आणली, घरातल्या फरशीवर ठेवली, पाय साध्या पाण्याच्या परातीत, बर्फ नाही, आणि ओआरएसचं पाणी थेंबाथेंबानं. तासाभरात मान धरली. तेव्हापासून खुराड्याला ओलं गोणपाट दुपारी बांधतोच बांधतो आणि खायला पहाटे आणि दिवस कलल्यावरच देतो, भर दुपारी खाल्लं की अंगात उष्णता आणखी वाढते.

पुणे, सदनिका, वरच्या मजल्याची गच्ची

माझी गिरीराज कोंबडी, घरात सगळे तिला बाई म्हणतात. एक दिवस शेपटी खाली, पेंग्विनसारखी उभी, सारखी कुंथतेय आणि अंडं काही येत नाही. जवळच्या क्लिनिकमध्ये सांगितलं आम्ही कुत्री-मांजरंच बघतो. फोनवर फोन करून शेवटी पक्षी बघणारे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळाले, ते म्हणाले आणेपर्यंत तिला कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवा, पंधरा वीस मिनिटं, मग पुसून उबदार अंधाऱ्या खोक्यात ठेवा, आणि पोट दाबायचं नाही, अंडं आत फुटलं तर जीवावर बेततं. मला वाटलं होतं टबात धिंगाणा घालेल, पण तिने चक्क डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि रात्री अंडं पडलं, कवच अगदी मऊ, कागदासारखं. आता तिच्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम भरलेला असतो.

अजून एक, अँटिबायोटिक चालू असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. हे आपणहून कोणी सांगत नाही.

लेस्टर, इंग्लंड

इथे पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचा अंड्यांचा काळ सरला की त्यांना कत्तलखान्यात न पाठवता घर मिळवून देणारी ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट नावाची संस्था आहे, तिच्याकडून आम्ही तीन कोंबड्या आणल्या. आल्या तेव्हा अर्धी पिसं नव्हती. या संकरित कोंबड्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालतात, रानकोंबडी घालते मोजकीच, आणि त्या ताणाने त्यांची अंडी घालायची यंत्रणाच बिघडते. आमच्या एकीच्या पोटात बलक सांडून पाणी भरलं. व्हेटने सुईने पाणी काढलं आणि अंडी थांबवणारं हार्मोनचं इम्प्लांट कातडीखाली बसवलं. बिल ऐकून इथले मराठी मित्र थक्क झाले, तेवढ्यात कित्येक कोंबड्या आल्या असत्या म्हणाले. आल्या असत्या, पण ती नसती आली. इम्प्लांटने काही महिने मिळाले, त्यात नवीन पिसं आली, अंगणातल्या उन्हात मातीत लोळली, जे तिने आधी कधी केलंच नव्हतं. पुन्हा पोट भरलं तेव्हा व्हेटच्या सल्ल्याने तिला इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ दिलं. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

परभणी

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं पण एक कळकळीनं सांगतो. एक कोंबडी आजारी असेल तर जरूर मांडीवर घ्या. पण एकदम पटापट मरायला लागल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर हात लावू नका, लेकरांना लांब ठेवा, मेलेली उकिरड्यावर टाकू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, १९६२ वर फोन केला तरी चालतो. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता. त्याच्या आधी २००६ ला नंदुरबारकडच्या नवापूरला. अशा वेळी एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात, चांगले धडधाकट सुद्धा. आमच्या पाहुण्यांच्या कोंबड्या त्यात गेल्या, मावशी दोन दिवस जेवली नाही. तरी मी म्हणेन लपवू नका, तो रोग माणसाला पण होऊ शकतो.

नाशिक

आमची मागच्या आठवड्यात गेली. सगळं केलं होतं. जास्त लिहवत नाही, फक्त वाचतेय.

बेळगाव

अर्जंट आहे, कोणीतरी सांगा. काल संध्याकाळपासून कोंबडी खात नाहीये, गळ्याखालची पिशवी दगडासारखी घट्ट लागतेय, सकाळी पण तशीच. अंगणात सुतळीचे तुकडे पडलेले होते. उलटी धरून पिळायची का?

कुडाळ

दादा, उलटी अजिबात धरू नका, श्वासनळीत जाईल. रात्रभरात ती पिशवी रिकामी व्हायला हवी, सकाळीही घट्ट आहे म्हणजे आत काहीतरी अडकलंय. दाणा बंद करा, समोर फक्त पाणी ठेवा. कोमट पाण्याचे थेंब आणि दोन-तीन थेंब खोबरेल चोचीच्या कडेने द्या आणि पिशवी बोटांनी हलक्या हाताने गोल गोल चोळा, जोर नको. पण सुतळी असेल तर चोळून निघणार नाही, छोटं ऑपरेशन करून काढावी लागते, आणि ते होतं, कोंबड्या त्यातून उठतात. दुपारची वाट बघू नका, आत्ताच दवाखाना गाठा आणि सुतळीचा एक तुकडा डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. काय झालं ते इथे कळवा.