घरातील वायफाय : डब्ल्यूपीए२ की डब्ल्यूपीए३?

प्रश्न (गुहागर)
आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. नव्या राउटरमध्ये सुरक्षेसाठी, म्हणजे पासवर्ड तपासून वायफायवरची माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतींसाठी, डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए-टीकेआयपी, डब्ल्यूपीए२-एईएस, मिश्र डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ आणि केवळ डब्ल्यूपीए३ असे पर्याय आहेत. शेवटचा निवडला, तेव्हा मोबाइल व्यवस्थित चालले, परंतु जुना प्रिंटर जोडला जाईना. एका प्रिंटरपायी सगळ्या घराची सुरक्षा उतरवावी का? भिंती जांभ्याच्या व जाड असल्याने सिग्नल अंगणापलीकडे फारसा जात नाही.

उत्तर (रत्नागिरी)
भिंतींवर विसंबू नये. चांगल्या अँटेनाने क्षीण सिग्नलही पकडता येतो आणि आपले पाहुणे तर भिंतींच्या आतच असतात. डब्ल्यूईपी १९९७ मधले असून २००१ मध्येच त्यातील आरसी४ या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीच्या वापरातील दोष उघड झाला. आज ते काही मिनिटांत फुटते. टीकेआयपी ही २००३ मध्ये जुन्या यंत्रांसाठी केलेली तात्पुरती सोय होती आणि तिच्यावर वेगही ५४ एमबीपीएसपाशी (सेकंदाला ५४ मेगाबिट) अडतो. ही दोन्ही नावे विसरून जावीत. डब्ल्यूपीए२-एईएस अजूनही वापरण्याजोगे आहे. २०१७ मध्ये सापडलेली ‘क्रॅक’ ही त्रुटी सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यास दूर होते. त्याची खरी दुबळी बाजू वेगळीच आहे : जोडणीच्या वेळी यंत्र व राउटर यांच्यात होणारी देवाणघेवाण कुणी टिपून घेतली, की त्याला आपल्या घरी बसून पासवर्डचे हवे तितके अंदाज लावता येतात. डब्ल्यूपीए३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावे लागते. म्हणून मिश्र पर्याय ठेवावा, म्हणजे मोबाइल डब्ल्यूपीए३ वर आणि प्रिंटर डब्ल्यूपीए२ वर चालेल.

उत्तर (देवगड)
वरील विवेचन पटले, निष्कर्ष मात्र नाही. मिश्र पर्यायात दोन्हींचा पासवर्ड एकच असतो. त्यामुळे प्रिंटर डब्ल्यूपीए२ वर जोडला, की त्याच्या देवाणघेवाणीवरून तोच पासवर्ड शोधण्याची वाट मोकळी होते. आपल्याकडे तर मालकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवण्याची रीत पडली आहे, आणि तो फाटकावरच्या पाटीवर ठळक रंगवलेला असतो! पाटी नसली तरी दहा आकडी क्रमांक शोधणे चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही तासांचे काम आहे. शक्य असल्यास प्रिंटर केबलने राउटरला जोडावा आणि घरचे जाळे केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवावे.

प्रश्नकर्ता (गुहागर)
प्रिंटरच्या मागे लॅनची (केबलची) खाच आहे, त्यामुळे तो प्रश्न सुटला. पण पाहुण्यांकडे जुने मोबाइल असतात, त्यांचे काय करावे?

उत्तर (देवगड)
त्यांच्यासाठी राउटरमधले ‘गेस्ट नेटवर्क’, म्हणजे पाहुण्यांचे स्वतंत्र जाळे, वेगळ्या नावाने चालू करावे. त्यावर मिश्र पर्याय चालेल, मात्र तिथून घरच्या यंत्रांपर्यंत पोहोचण्याची मुभा बंद असल्याची खात्री करावी. पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा ठेवता येतो; एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून तो लांब करावा आणि हंगाम संपला की बदलावा. डब्ल्यूपीएस या, पासवर्ड न टाकता यंत्र जोडण्याच्या सोयीचा आठ आकडी पिनही बंद करावा. त्याची पडताळणी दोन तुकड्यांत होत असल्याने सुमारे ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच दाखवले गेले आहे.