कॅसिनो: मोठ्या रोकडीचा अहवाल पुरेसा, की उगम कळेपर्यंत चिप्सच द्यायच्या नाहीत?

ताळेबंद (धागाकर्ता)

कॅसिनोतून काळा पैसा पांढरा होऊ नये (म्हणजे मनी लाँडरिंग होऊ नये) यासाठी सरकारचा लगाम हवा, याबद्दल दुमत नसावं. तो कुठे लावायचा, हा वादाचा मुद्दा. आज बहुतेक देशांचा भर अहवालांवर आहे. अमेरिकेत एका ग्राहकाने दिवसभरात भरलेली किंवा नेलेली रोकड १०,००० डॉलरच्या वर गेली की कॅसिनोने सरकारला कळवायचं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात आपापल्या चलनात १०,००० पासून कळवायचं. शिवाय व्यवहार संशयास्पद वाटला तर त्याचा वेगळा अहवाल.

अडचण अशी की अहवालही जातो आणि पैसेही घेतले जातात. म्हणून मोठी रोकड आली तर ती कुठून आली याचा पुरावा मिळेपर्यंत केजने, म्हणजे कॅसिनोच्या रोकड खिडकीने, चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायची टोकन, देऊ नयेत. ही परवान्याचीच अट हवी, कॅसिनोच्या मर्जीवर नको.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात काय झालं ते बघा. २०१४ या एका वर्षात तिथल्या कॅसिनोंनी १०,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या रोख व्यवहारांत जवळपास १.२ अब्ज कॅनेडियन डॉलर स्वीकारले. त्यात एक लाख किंवा त्याहून मोठे भरणे १,८८१ होते, म्हणजे रोज पाचाहून जास्त. बरीचशी रक्कम २० डॉलरच्या नोटांत, रबरबँड लावलेल्या गड्ड्यांच्या रूपात, पिशव्यांतून यायची. बँक एवढी रक्कम अशी देत नाही. केजवरच्या माणसांना हे दिसत होतं, अहवालही जात होते, पण पैसे बहुतेक वेळा ठेवून घेतले गेले. २०१५ पासून काही ठरावीक ग्राहकांवर अटी आल्यावर हा ओघ कमी होऊ लागला. जानेवारी २०१८ पासून १०,००० आणि त्यावरच्या रोख भरण्याला पैसे कोणत्या संस्थेतून, कोणत्या खात्यातून काढले हे सांगणं सक्तीचं झालं, आणि तो आणखी आटला.

खतावणी

ताळेबंद, तुमचा उपाय पिशवी घेऊन येणाऱ्यासाठी ठीक आहे. सगळेच पिशवी घेऊन येत नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या क्राउन या कॅसिनो कंपनीच्या साउथबँक आणि रिव्हरबँक या उपकंपन्यांची बँकखाती होती. लोक बँकेत १०,००० च्या आतले तुकडे पाडून त्या खात्यांत रोकड भरत. कॅसिनोचे कर्मचारी असे अनेक भरणे एकत्र करून आपल्या वहीत एकाच रकमेची नोंद टाकत. त्यामुळे कॅसिनोची वही वाचणाऱ्याला तुकडे दिसायचेच नाहीत. बँकेचा खातेउतारा आणि कॅसिनोची वही शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली तरच ते कळणार. फेब्रुवारी २०२१ च्या बर्गिन चौकशी अहवालात हे सविस्तर आलं, आणि मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या उल्लंघनांबद्दल क्राउनला २०२३ मध्ये ४५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

दुसरं, स्टार, ऑस्ट्रेलियातलीच दुसरी कॅसिनो कंपनी. तिथे चायना युनियनपे या चिनी बँक कार्डांवरून ९० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम जुगारासाठी ओढली गेली आणि ती हॉटेलचा खर्च म्हणून दाखवली गेली. खातं खरं, कार्ड खरं, पावतीही हजर. खोटं होतं ते फक्त कारण. तुमच्या अटीत हा व्यवहार विनासायास पास होतो.

आणि पावती सक्तीची केली की खिडकीवरचा माणूस पावतीच बघतो, समोरच्याकडे बघत नाही. परत पाठवलेला ग्राहक बेकायदा अड्ड्यावर जाईल. तिथे ना कॅमेरा, ना ओळखपत्र. अहवालाच्या वाटेत निदान नाव, वेळ आणि चित्रीकरण तपास यंत्रणेच्या हाती राहतं.

ताळेबंद

शेवटचा मुद्दा आधी घेतो. पैसे नाकारले तरी माहिती जात नाही. फसलेल्या, म्हणजे केवळ प्रयत्न झालेल्या संशयित व्यवहाराचाही अहवाल द्यावा लागतो. ओळखपत्र आधी, पैसे मोजणं नंतर, हा क्रम पाळला तर नाव आणि चित्रीकरण दोन्ही मिळतं.

क्राउनबद्दल तुम्ही बरोबर आहात. उगम विचारायचा तो नोटांचा आणि खात्यातल्या जमेचाही, हे मी लिहायला हवं होतं. खात्यात भरणारा आणि खेळणारा वेगळा असेल तर रक्कम आली त्याच खात्यात परत गेली पाहिजे.

निरंजन७

दोघांच्या बोलण्यात एक समज गृहीत धरलेला दिसतो: गुन्हेगार स्वतः चिप्स घेतो, थोडं खेळतो आणि चेक घेऊन निघतो. हा प्रकार आहेच. त्यावरचा उपायही जुना आहे: चेक फक्त पडताळलेल्या जिंकीचा द्यायचा, न खेळलेली रोकड रोकडीतच परत करायची, आणि शक्यतो त्याच नोटांत. २० च्या नोटा देऊन १०० च्या नोटा नेणं हीसुद्धा धुलाईच आहे, कारण ढीग लहान होतो.

पण ब्रिटिश कोलंबियातला मुख्य प्रकार वेगळा होता. चीनमधून परदेशी पैसे नेण्यावर मर्यादा आहे. श्रीमंत खेळाडूला व्हँकूवरमध्ये रोकड हवी असते, अमली पदार्थांच्या टोळीकडे रोकड पडून असते. हवाल्यासारखं काम करणारा मध्यस्थ टोळीची रोकड खेळाडूला उसनी देतो. खेळाडू ती फेडतो चीनमधल्या खात्यात. तिथेच टोळीचे पैसे धुतले गेले. खेळाडू टेबलावर सगळं हरला तरी टोळीचं काही बिघडत नाही.

म्हणून ‘चिप्स घेतल्या पण खेळला नाही’ ही खूण इथे निकामी ठरते. हा माणूस तासन्तास खेळतो, खरोखर हरतो, पिट बॉसच्या, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याच्या, नोंदीत तो उत्तम ग्राहक असतो. त्याचं उत्पन्नही खरं असतं, त्यामुळे ‘एवढे पैसे याला परवडतात का’ याचं उत्तर हो असंच येतं. विचारायला हवं ते ‘ही रोकड तुमच्या हातात आज कशी आली?’ या मुद्द्यावर मी ताळेबंदांच्या बाजूने आहे. पण खात्याचा तपशील नुसता लिहून घेऊन भागणार नाही. बँकेची त्याच दिवसाची पावती हवी, त्यावरची रक्कम आणि नोटांचा प्रकार समोरच्या रोकडीशी जुळला पाहिजे.

अपर्णा वि

टेबलांबद्दल बरंच झालं, स्लॉट मशीनबद्दल कुणी बोललं नाही. मशीनमध्ये नोटा भरायच्या, दोनचार वेळा खेळून बाकी रकमेचं तिकीट काढायचं, ते खिडकीवर वटवायचं. रक्कम लहान ठेवली की कुठलीच मर्यादा ओलांडली जात नाही, आणि कॅसिनोचं सभासद कार्ड न घालता खेळलं तर दहा मशीनवरचा एकच माणूस संगणकाला दहा माणसं वाटतो. यावर नाव जोडलेल्या कार्डाशिवाय मशीन सुरूच न होणं हाच खरा इलाज. मेलबर्नच्या क्राउनमध्ये डिसेंबर २०२३ पासून मशीनवर तसं आहे. खासगीपणाचा आक्षेप मला समजतो. तो डेटा जाहिरातीसाठी वापरायला बंदी घालून सोडवता येईल, कार्ड टाळून नाही.

खतावणी

कार्डाला माझा विरोध नाही. माझा मूळ आक्षेप राज्यावर आहे, आणि त्यावर इथे कुणी बोलत नाही. मकाऊत जुगाराच्या एकूण उत्पन्नावर कर आणि इतर अंशदान धरून ४० टक्के सरकारला जातात. ब्रिटिश कोलंबियात प्रांताच्या मालकीचं लॉटरी महामंडळच कॅसिनो चालवण्याला जबाबदार आणि मनी लाँडरिंग रोखायलाही तेच जबाबदार. त्याच सरकारचे तपासनीस वर्षानुवर्षं इशारे देत राहिले. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या कलन आयोगाने जून २०२२ मध्ये स्वतंत्र आयुक्ताची शिफारस केली ती उगाच नाही. ज्याच्या अंदाजपत्रकात जुगाराचं उत्पन्न आहे, त्याच्याच हाताखालच्या खात्याला ‘पैसे नाकारा’ असं सांगायला लावणं ही तुमच्या अटीतली कमजोर कडी आहे.

रोकडीच्या पलीकडचंही बघा. २०१६ मध्ये बांगलादेश बँकेचे चोरलेले ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समधल्या बँकेत हस्तांतरणाने आले आणि मोठा भाग तिथल्या कॅसिनोंत गेला. त्या देशाच्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात तेव्हा कॅसिनो नव्हतेच. जुलै २०१७ मध्ये ते आणले, आणि अहवालाची मर्यादा ठेवली ५० लाख पेसोंच्या वरच्या रोख व्यवहारांवर. म्हणजे चोरी झाली बँकेच्या हस्तांतरणाने आणि मर्यादा बसली रोकडीवर. जंकेटमध्ये, म्हणजे श्रीमंत खेळाडूंना कॅसिनोत आणणाऱ्या मध्यस्थांच्या धंद्यात, तर टेबलावर एक पैज आणि बाहेर तिच्या कित्येक पटींचा हिशेब अशी रीत होती. तो हिशेब केजपर्यंत पोचतच नाही.

ताळेबंद

राज्याच्या दुहेरी भूमिकेबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मेलबर्नमध्ये चौकशी आयोगाने क्राउनला अपात्र ठरवलं, पण परवाना लगेच रद्द न करता दोन वर्षं विशेष व्यवस्थापक बसवला. त्याला सगळी दप्तरं उघडी होती. तसा माणूस दोष सापडल्यावर नव्हे, परवाना देतानाच बसवायला हवा. त्याची नेमणूक महसूल खात्याकडे नको. खातेउतारा आणि कॅसिनोची वही दर महिन्याला ओळीला ओळ जुळवणं हे त्याचं पहिलं काम. चिप्स अडवण्याची अट मात्र मी सोडत नाही.

खतावणी

जुळणी मान्य. पण ती महिन्याच्या शेवटी नको, रोज हवी. क्राउनमध्ये तुकडे एका-एका दिवसात पाडले जात होते. आणि जंकेटच्या बाहेरच्या हिशेबाला या अटीत उत्तर कुठे आहे, ते अजून मला दिसलेलं नाही.