जन्मजात काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाच्या डोळ्याचा दाब १९: औषध आणि पुन्हा भूल खरेच हवी का?

प्रश्न (एक आई, सांगली)

आमच्या मुलाला जन्मजात काचबिंदू असल्याचे तो चार महिन्यांचा असताना कळले. उजेडात नेले की तो डोळे घट्ट मिटून माझ्या खांद्यात तोंड खुपसायचा, डोळ्यांतून सतत पाणी वाहायचे आणि येणारे-जाणारे त्याच्या टपोऱ्या डोळ्यांचे कौतुक करायचे. ते टपोरेपण हेच दुखणे होते. दोन्ही डोळ्यांवर ट्रॅबेक्युलोटॉमी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी अशी (डोळ्यातल्या पाण्याला वाट करून दाब उतरवणारी) एकत्रित शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर भूल देऊन केलेल्या तपासणीत दाब उजव्या डोळ्यात १२ आणि डाव्या डोळ्यात १९ (मि.मी. पारा) निघाला. डाव्या डोळ्यात डोर्झोलामाइडचे दाब कमी करणारे थेंब सुरू केले असून तीन महिन्यांनी पुन्हा भूल देऊन तपासायचे आहे. २१ पर्यंतचा दाब ठीक असतो, असे वाचले आहे. मग हे सारे कशासाठी?

उत्तर (बालनेत्रतज्ज्ञ)

२१ ही मर्यादा मोठ्या माणसांच्या, जागेपणी घेतलेल्या मोजमापांवरून आली आहे. तान्ह्या बाळाचा दाब मुळातच त्याहून कमी असतो, शिवाय सेव्होफ्लुरेनसारख्या भुलेच्या वायूने तो आणखी उतरतो. त्यामुळे भुलेखाली आलेला १९ मला तरी निर्धास्त करणारा वाटत नाही. उलट रडणाऱ्या, डोळे आवळून धरलेल्या बाळाचा दाब खोटाच जास्त येतो.

म्हणून आम्ही एकट्या आकड्यावर विसंबत नाही. साधारण तीन वर्षांपर्यंत डोळ्याचे कवच लवचिक असते आणि दाब वाढला की डोळाच ताणून मोठा होतो. नवजात बाळाच्या पारपटलाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) व्यास सुमारे १० मि.मी. असतो, पहिल्या वर्षात तो १२ च्या पुढे गेला तर शंका घ्यावी लागते. डोळ्याची लांबी वयाच्या मानाने जास्त वाढत असेल किंवा चष्म्याचा उणे नंबर झपाट्याने चढत असेल, तर आकडा चांगला दिसूनही दाब आटोक्यात नाही, असे समजावे. दृष्टिनाडीच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) तोंडाशी दाबामुळे वाढलेला खळगा मात्र लहान मुलांमध्ये दाब उतरल्यावर पुन्हा लहान होऊ शकतो, आणि तो तसा झालेला दिसणे ही फार चांगली खूण आहे. भूल न देता दाब मोजणारे रिबाउंड टोनोमीटर मधल्या भेटींत उपयोगी पडते, पण बाकीची मोजमापे नीट घेण्यासाठी या वयात बहुधा भूल द्यावीच लागते.

उत्तर (एक वडील, नाशिक)

आमची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती दीड वर्षाची असताना एका औषधदुकानातून लिहून दिलेल्या थेंबांऐवजी "त्याच कामाचे" म्हणून ब्रिमोनिडिन असलेले थेंब मिळाले आणि तासाभरात ती इतकी सुस्त झाली, की हाक मारूनही डोळे उघडेना. रात्र रुग्णालयात काढली. हे औषध दोन वर्षांखालील मुलांना द्यायचेच नसते, हे तेव्हा कळले. त्यामुळे कृपया प्रत्येक बाटलीवरचे नाव चिठ्ठीशी ताडून पाहा.

थेंब आम्ही ती झोपेत असताना घालायचो. खालची पापणी किंचित ओढून एकच थेंब सोडायचा आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकावाटे रक्तात कमी उतरते.

उत्तर (बालनेत्रतज्ज्ञ)

वरील अनुभव महत्त्वाचा आहे. टिमोलोल या दाब उतरवणाऱ्या थेंबांनीही बाळाला धाप लागू शकते किंवा हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून दमा असल्यास ते आधी सांगावे. शस्त्रक्रियेनंतरचे स्टेरॉइडचे थेंब सांगितलेल्या मुदतीपलीकडे चालू ठेवू नयेत. त्यांनीच दाब चढू शकतो. डोळा लाल होऊन चिपडे येऊ लागली किंवा पारपटल धुरकट दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.

प्रश्नकर्ती

मन बरेच हलके झाले. तपासणीची तारीख आम्ही पुढे ढकलणार होतो, ती आता ढकलणार नाही. एकच शंका उरली आहे: पुढच्या बाळालाही हे होऊ शकते का?

उत्तर (बालनेत्रतज्ज्ञ)

हा आजार आनुवंशिक असतो तेव्हा बहुतेक वेळा तो दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यावर होतो, आणि तुमच्या बाबतीत तसे असेल तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते. सीवायपी१बी१ या जनुकाची चाचणी करता येते. ती केली नाही, तरी पुढच्या बाळाचे डोळे जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच तपासून घ्यावेत.