शेवळं विकणाऱ्या बाईला रानाची चोर ठरवण्याआधी

शहापूरकर
चार दिवस एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरते आहे. ‘रानभाज्या विकत घेऊ नका. तुमच्या जिभेच्या चोचल्यांपायी जंगल ओरबाडलं जातंय.’ खाली स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसलेल्या बाईचा फोटो. तिचा चेहरा झाकावा, एवढंही कुणाला सुचलं नाही.

मी ठाकूर आदिवासी समाजातली. माझी आई ४० वर्षं अशीच पहिल्या लोकलने जायची. वळवाचा पाऊस पडून गेला की शेवळं ही रानभाजी निघते, फार तर तीन आठवडे. आई पळसाच्या पानात जुडी बांधायची आणि प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं, म्हणजे आंबट रानफळं, द्यायची. “आतला पिवळा भाग काढून टाका, काकडांचा रस घाला, नाहीतर घसा खाजेल,” हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. त्या पैशांतून आमच्या वह्या यायच्या.

शेवळं म्हणजे कंदाचा फुलोरा. कंद जमिनीत राहतो, पाऊस लागला की त्यालाच पान फुटतं. आईने कंद कधी उपटला नाही. ती ज्या माळावर जायची तिथे आता प्लॉट पडलेत. जेसीबीने कंदासकट माती उचलली आणि वर मुरूम टाकला. त्यावर एक तरी पोस्ट फिरवा की.

वाफसा
ती पोस्ट मी पुढे पाठवली होती, म्हणून उत्तर देतो. फोटोबद्दल तुमचं बरोबर आहे, तो काढायला हवा. पण फुलोराच खुडला तर बी धरणार कुठून? जुना कंद जगेल, पण नवीन जागी शेवळं पसरणार कशी? तुमची आई एक टोपली न्यायची. आता गोण्या भरून टेम्पो येतात, मी पहाटे मार्केटला उभा राहून पाहिलेत. भारंगीच्या कोवळ्या पानांऐवजी फांद्याच तोडून आणलेल्या असतात. ते तुमच्या आईने केलेलं नाही, मान्य. पण होतंय ना?

आजीची_विळी
सगळे जंगल जंगल करताय, पण कुर्डू आणि टाकळ्याला जंगल कशाला लागतं? आमच्याकडे रायगडात बांधावर, अंगणात उगवायचे. माझ्या सख्ख्या भावाने तीन वर्षं बांधावर तणनाशक मारलं. कुर्डू गेली, माठ गेला, आता बांध पिवळा पडलेला दिसतो. आणि तोच ऑगस्टच्या रानभाजी महोत्सवात १०० रुपये मोजून थाळी खाऊन आला. घरी येऊन मला फोटो दाखवतो! दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी.

पाचवा_मजला
मग लागवडच करा ना. करटुल्याची होतेच आहे, बाजारात लागवडीचीच जास्त दिसतात. रानावरचा ताण कमी होईल आणि आम्हालाही वर्षानुवर्षं मिळेल.

शहापूरकर
लागवडीला जमीन लागते, ताई. रानातून आणणाऱ्या कातकरी बाईकडे एक गुंठाही नसतो. तुम्हाला करटुली मिळतील, तिचे पैसे जमीनवाल्याकडे जातील. वनहक्क कायदा २००६ चा आहे. गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणारं बाकीचं, गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचाही हक्क त्यात लिहिलेला आहे. पाण्यातल्या मासळीचा हक्कसुद्धा त्यातच आहे.

वाफसा
मासळीचं तुम्हीच काढलंत. वलगणीच्या मासळीचं काय? पहिल्या पुराला मासा नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरात अंडी घालायला चढतो. नेमका तेव्हाच त्याला गाठायचं, पोट गाभोळीने टच्च भरलेलं असताना! समुद्रात पावसाळ्यात यांत्रिक बोटींना बंदी असते ती याचसाठी. नदीत मात्र परंपरा म्हटली की सगळं माफ.

शहापूरकर
रात्री कंदील घेऊन ओढ्यात उतरला आहात कधी? आमच्याकडे वर्षात ते तीन-चार दिवसच ताजी मासळी पोटभर मिळायची. उरलेली चुलीवर सुकवायची, श्रावणापर्यंत पुरायची. मुठे, म्हणजे खेकडे, धरताना माझा मामा प्रत्येक मुठी उलटी करून बघायचा. पोटाखाली पिल्लं चिकटलेली दिसली की परत पाण्यात. आम्हा पोरांना तो हेच आधी शिकवायचा. मासा संपला तो आमच्या कंदिलाने नाही. ओढ्यावर सिमेंटचे बंधारे झाले, मासा चढणार कुठून? वर ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारे वेगळेच.

तळ्याकाठी_भंडारा
कोकणाच्या पलीकडेही पाणी आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारोंनी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहेत. त्यांत मरळ, शिंगी असायची आणि काठाला देवधान, म्हणजे रानटी भात. मग रोहू, कटला, मृगळचं बीज सोडणं सुरू झालं. काठावर बेशरम नावाचं झुडूप माजलं. तळातल्या वनस्पती गेल्या, तशी अंडी घालायची आणि लपायची जागा गेली. आमच्याकडे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायकांनी कमरेभर पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि तळात देशी पाणवनस्पती लावल्या. माझी मावशी त्यांच्यात होती. पायाला जळवा लागायच्या, संध्याकाळी मीठ लावून काढायची. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जाळ्यात मरळ दिसू लागली.

पाचवा_मजला
पण रोहू-कटलाने लोकांच्या ताटात मासा तर आला ना? उत्पन्न वाढलं हे का बोलत नाही?

तळ्याकाठी_भंडारा
मच्छीमार सोसायटीचं वाढलं. पण रोहू मोठा झाला की तो व्यापाऱ्याला तोलून जातो, घरी येत नाही. घरात शिजायची ती बारीक देशी मासळी, काट्यासकट खायची. बाळंतिणीला तिचाच रस्सा. ती गेली तेव्हा किलोचा हिशेब वाढला आणि आमच्या घरातलं कालवण पातळ झालं.

वाफसा
हे मला माहीत नव्हतं. तलावांचं मान्य. बंधाऱ्यांचंही मान्य, तो मुद्दा माझ्याकडून सुटलाच होता. पण म्हणून गाभोळीची मासळी धरणं बरोबर ठरत नाही. उरलीसुरली मासळी आहे, तिला तरी अंडी घालू द्या.

आजीची_विळी
आणि बांधावरचं तणनाशक? त्यावर कुणी बोलतच नाही! खाचरात चढलेला मासा अंडी घालणार ती त्याच पाण्यात ना?

शहापूरकर
विळीताई, तुमचा मुद्दा पहिल्यापासून बरोबर होता. वाफ्यांत औषध मारल्यावर खाचरात बेडूकसुद्धा राहत नाही.

वाफसा, तुम्हाला एकच सांगते. आमच्या वाडीत यंदा ठरलंय की पहिल्या पुराच्या दोन रात्री ओढ्याला आडवं कूड, म्हणजे मासे अडवायचं कुंपण, घालायचं नाही. चढणारा मासा चढू द्यायचा, परत उतरताना काय मिळेल ते धरायचं. तुमच्या पोस्टमुळे नाही, मामा तीन वर्षं ओरडत होता म्हणून. पण बंधाऱ्यातून माशाला वाट कोण काढून देणार, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

वाफसा
पोस्ट काढली. शेवळं घेईन, आणि गोणीवाल्याकडून नाही, टोपलीवालीकडून. बंधाऱ्याचा फोटो आणि जागा इथे टाका, पाटबंधाऱ्याला अर्ज मी लिहितो. गाभोळीवर मात्र माझं मत तेच आहे.