झाडतोडीच्या टोळीत कामाला जायलो, काय काय बघावं?

केजचा_गडी:
रामराम मंडळी. मी बीड जिल्ह्यातला, केज साईडचा. दरसाल बायको आणि मी ऊसतोडीला कोयत्यावर जायचो पण पोरीला शाळेत घातलं म्हणून यंदा गाव सोडायचं नाही असं ठरलंय. आमच्या इकडं एक झाडतोडीची छोटी टोळी हाय, पाच माणसं, एक कटर मशीन, एक ट्रॅक्टर. मालक शेतकऱ्याकडून बांधावरच्या बाभळी, लिंब (कडुलिंब) उक्ते घेतो, तोडून वखारीला नाहीतर सॉ मिलला घालतो. सोमवारपासून ये म्हणला. रोज ६०० सांगितलाय आणि वरून ३० हजार उचल (आगाऊ पैसे) घे म्हणायला. अंगात दम हाय पण झाड कधी पाडलं नाही. सोबत काय न्यावं, उचल घ्यावी का, आणि मशीन किती दिवसात हातात देतेत? घरचे लई भ्यायलेत म्हणून विचारायलो.

कटरवाला_हिंगोली:
भाऊ, मशीनचं नाव सध्या काढूच नको. नवा गडी पहिले फांद्या ओढतो, दोर धरतो, ओंडके लोड करतो आणि तेवढ्यात मशीनवाला काय करतो ते बघत राहतो. चांगला मशीनवाला असा ओळखायचा की तो आल्या आल्या मशीन चालू करत नाही, आधी झाडाला एक चक्कर मारतो. झोक म्हणजे कल कुण्या बाजूला हाय, शेंडा दुसऱ्या झाडात गुतलाय का, वाळलेली फांदी वर लटकलीय का, वारा कुठून हाय, आणि झाड चाललं की आपण पळायचं कुठून. पळायची वाट आधी कुऱ्हाडीनं साफ करून ठेवायची, पडायच्या उलट दिशेला पण नीट सरळ मागं नाही, तिरपं. कारण बुंधा कधीकधी सरळ मागंच सरकून येतो.

पाडायची रीत पण सांगून ठेवतो, बघताना समजंल. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूनं आधी खाच घेतात, बुंध्याच्या जाडीचा चौथा पाचवा हिस्सा, त्याच्या आत नाही जायचं. मग मागून काप घेतात, खाचेपेक्षा दोन बोटं वर. आणि मधी लाकडाची एक पट्टी सोडतात, फूटभर जाडीच्या झाडाला इंचभर धर, ती पट्टी बिजागरीसारखी झाड वळवत वळवत खाली नेते. ती पट्टी कापून टाकली की झाड कुणाचंच ऐकत नाही. जो माणूस दर टायमाला आरपार कापतो आणि दोरावर भरवसा ठेवतो त्याच्या टोळीत थांबू नको, रोज हजार दिला तरी.

झोक असलेल्या बाभळीला तर लईच जपायचं, मागून काप अर्ध्यात असतानाच बुंधा उभा चिरतो आणि मागचं लाकूड छातीच्या उंचीला उसळतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं ते.

लातूरकडला:
वरचे दादा बरोबर सांगलालेत पण जरा लईच भेववायलेत 😄 माझं म्हणणं वेगळंय. फांद्या ओढण्यात जिंदगी घालू नको, टोळीत पैसा मशीनवाल्यालाच हाय. संध्याकाळी काम झाल्यावर मशीन साफ करायचं काम तू मागून घे. चैनला कानस लावायला शीक, गोल कानस, प्रत्येक दाताला सारख्याच फेऱ्या आणि एकाच दिशेनं. चैन धारेला असली की ढलप्या पडतात, पिठासारखा भुसा पडला की बोथट झाली समज, आणि बोथट चैन असली की माणूस जोर लावतो आणि तिथंच घात होतो. पेट्रोलमध्ये टू टी ऑईल किती ते मशीनच्या बुकावर असतं, बऱ्याच नव्या मशीनला लिटरला २० मिली लागतं, कुणी अंदाजपंचे ओतत असंल तर इंजिन बसलंच म्हणून समज. हे ज्याला येतं त्याला मालक आपोआप मशीन देतो.

कटरवाला_हिंगोली:
शिकू नको म्हणलोच नाही मी. साफसफाई, कानस हे बेस्टच. पण हातात घेशील तेव्हा आडव्या पडलेल्या लाकडावर शीक, उभ्या झाडावर नाही, आणि खांद्याच्या वर मशीन उचलायचीच नाही. मशीनच्या ज्या पट्टीवर चैन फिरती तिच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की मशीन उसळून सरळ तोंडाकडं येती, म्हणून तर पुढं चैन ब्रेक दिलाय. आमच्याकडं लोक तो तुटला तरी तसंच चालवतेत, काय बोलावं. आणि गळ्यात दस्ती (रुमाल) गुंडाळून मशीनजवळ नको.

वखारवाले_काका:
बाळा, मी लाकडाच्या धंद्यात केस पांढरे केलेत, झाडाखाली सापडलेल्यापेक्षा कागदात सापडलेले जास्त बघितले. बाभळीला तेवढी कटकट नाही पण आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन ही झाडं १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यात येतात, स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. शहरात नगरपालिकेची वेगळी परवानगी. रस्त्याच्या कडेचं झाड तर शेतकऱ्याचं नसतंच, तो कितीबी म्हणू दे माझ्याच बांधाला हाय. किनवट माहूरकडं सागाच्या कामाला कुणी बोलावलं तर परवाना डोळ्यानं बघितल्याशिवाय गाडीत बसू नको, आणि रात्रीचं चंदन म्हणला की घरी झोपायचं.

दुसरं म्हणजे बांधावरचं झाड. दोन भावाच्या मधल्या बांधावरचा लिंब एकानं विकला, तोडायला सुरुवात झाली की दुसरा काठी घेऊन हजर. शिव्या मालकाला नाही बसत, दोर धरलेल्याला बसतात. मालकाला विचारायचं, दोघांना विचारलंय का? झालं.

उचल घेऊ नको. रोजावर काम करायलास तर उचल कशाला? कोयत्याचा अनुभव तुला हायच की, मुकादम कसा धरून ठेवतो ते. टोळी धोक्याचं काम करायली असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसता आलं पाहिजे. पुढं टनावर हिशोब करू म्हणला तर वजनकाट्याची पावती मागायची आणि ज्या दिवशी तोडलं त्याच दिवशी काटा करायचा, ओलं लाकूड उन्हात पडलं की वजन उतरतं आणि ती तूट तुमच्याच वाट्याला येती.

अंबाजोगाईची_ताई:
माझे मिस्टर हेच काम करतात म्हणून लिहितेय. दादा, बँकेत जाऊन अपघात विमा सुरू करा, पंतप्रधान सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये कटतात, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, वय १८ ते ७० चालतं. आणि कामावर लागलं तर दवाखाना मालकाकडून असं पहिल्याच दिवशी चार माणसांत बोलून घ्या. अपघात भरपाईचा कायदा (आधी १९२३ चा होता, २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय) झाडतोडीच्या मजुराला पण लागू आहे, मालक म्हणतो लेखी काही नाही तर काही नाही, तसं नसतं. रोजाचे पैसे फोनवर घ्या म्हणजे तेवढा तरी पुरावा राहतो. चप्पल घालून जाऊ नका, बाभळीचा काटा तळव्यातून आरपार येतो, जाड तळाचे बूट घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आरोग्य केंद्रात घेऊन ठेवा. वहिनींना म्हणावं रोज कुठल्या गावच्या शिवारात काम आहे ते सकाळीच विचारून ठेवा, मी तेच करते.

केजचा_गडी:
लई आभार सगळ्यांचे. उचल नाही घेत. सोमवारचं पहिलं झाड विहिरीजवळचं हाय म्हणायले, मोठा लिंब, वरून शेतीची तार गेलीय आणि शेंड्याला आग्या मोहोळ हाय. मालक म्हणतो दिवसा लाईट नसती, काही होत नाही.

कटरवाला_हिंगोली:
दिवसा नसती म्हणजे? शेतीची लाईट कधी रात्री कधी दिवसा असती, वेळापत्रक बदललं की संपलं. लाईनमनला बोलावून डीपीवरून बंद करून घ्यायची आणि काम होईस्तोवर तो तिथंच थांबला पाहिजे. आग्या आधी काढून घ्या, मधवाले येतेत रात्री, मशीनचा आवाज आणि हादरा बसला की अख्खं मोहोळ खाली येतं, मग विहिरीकडं पळशील का शेताकडं?

लातूरकडला:
हे पहिल्या दिवसाचं झाडच नाही बाबा. मालकाला म्हण आधी दुसऱ्या बांधावरच्या चार बाभळी घेऊ. नाहीच ऐकला तर दोराचं टोक लांब घे, झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब उभा राहा आणि विहिरीच्या बाजूला उभाच राहू नको.

केजचा_गडी:
बोललो फोनवर. लाईनमनचे पैसे कोण देणार म्हणायला 😅 शेतकऱ्याला विचारून सांगतो म्हणला.

वखारवाले_काका:
शेतकऱ्यानंच द्यायचे, लिंब उक्ता देताना भावात धरलेला असतो तो खर्च. त्याला म्हणावं नाहीतर लिंब राहू द्या उभा.